गोचर राखणारे गाव : लापोडिया

जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने सुमारे ६५ किलोमीटर अंतर कापले की दूदू हे कसब्याचे गाव लागते. जयपूरच्या आसपासच्या अरवलीच्या टेकड्या येथवर येईतो मागे पडलेल्या असतात. दोन्ही बाजूंना पसरलेली जमीन डोळ्यांना जवळजवळ सपाट वाटते, मधूनच एखादे शमीचे झाड, बोराटीची झुडपे आणि दूरवर मातीचा एखादा लांबट उंचवटा दिसतो. हा उंचवटा बहुधा कोणत्यातरी तलावाची पाळ असते. या परिसरात, जयपूर शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर लापोडिया हे गाव आहे. पर्यटकांच्या नकाशात त्याला स्थान नाही. तेथे किल्ला नाही, कोरीव पायऱ्यांची बावडी नाही, हवेल्यांची रांगही नाही. तथापि तीन तलाव आणि गोचर म्हणजे गायरान या आपल्या वारशाची पुन्हा उभारणी करणारे गाव म्हणून राजस्थानच्या ग्रामविकासाच्या चर्चेत त्याचे नाव वारंवार येते.

लापोडियाचा विचार करताना प्रथम त्याचा भूगोल समजून घेणे आवश्यक आहे. दूदूच्या उत्तरेस सांभरचे विशाल खारे सरोवर आहे. त्या बाजूचे पाणी समुद्राला मिळत नाही. ते सरोवरात जमते, आटते आणि मिठाच्या रूपाने मागे उरते. दक्षिणेकडील उतारावरचे पाणी मात्र माशी नदीवाटे बनास, चंबळ आणि यमुनेला मिळून शेवटी बंगालच्या उपसागराकडे जाते. म्हणजे हा सारा पट्टा दोन भिन्न जलव्यवस्थांच्या सीमेवर वसलेला आहे. मोठी बारमाही नदी जवळ नाही. वार्षिक पाऊस सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर, म्हणजे साधारणतः सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत पडतो तेवढाच. तो बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतील मोजक्या दिवसांत पडून जातो आणि उरलेले वर्ष आकाश कोरडे असते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो व उघड्यावरचे पाणी झपाट्याने उडून जाते.

माती रेताड दुमट. तिच्याखालचे पाणी अनेक ठिकाणी खारे असून या भागातील पुष्कळ गावांत त्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये अशी मर्यादा आहे. ती दीर्घकाळ ओलांडली गेली तर प्रथम दात आणि पुढे हाडे बाधित होतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पावसाचे मुरलेले गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते त्याच्यावर थरासारखे राहते. हा वरचा थर दरवर्षी भरला गेला तर विहीर गोडी राहते. तो भरला नाही आणि उपसा मात्र चालू राहिला, तर खालचे खारे पाणी वर येते. म्हणून येथे पाणी किती आहे या प्रश्नाबरोबरच ते कोठे मुरले हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

दुष्काळाची चार नावे

राजस्थानी समाजाने दुष्काळाला एकच नाव दिलेले नाही. धान्य पिकले नाही तर तो अन्नकाल, पाणी नसेल तर जलकाल, चारा नसेल तर तृणकाल आणि तिन्ही नसतील तर त्रिकाल. विक्रम संवत १९५६ मधील, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ हा असाच त्रिकाल होता. त्याची आठवण लोकस्मृतीत आजही टिकून आहे. या चार नावांतील तृणकाल हा शब्द विशेष बोलका आहे. शेती पावसाच्या लहरीवर सोपवलेल्या या प्रदेशात कुटुंबाचा खरा आधार गाय, म्हैस, शेळी, मेंढी हाच राहिला आहे. पीक गेले तरी जनावर असेल तर घर तगते. चारा गेला की जनावर विकावे लागते किंवा त्याला घेऊन परमुलखात जावे लागते. दुष्काळात गाव उठते ते पुष्कळदा धान्यासाठी नव्हे, तर चाऱ्यासाठी.

हे ओळखूनच पूर्वजांनी प्रत्येक गावाच्या शिवारात शेतजमिनीखेरीज दोन प्रकारच्या जमिनी राखून ठेवल्या. एक देवाच्या नावाने सोडलेले राखीव वन, ज्याला ओरण म्हणतात. महाराष्ट्रातील देवराईचे हे भावंडच होय. दुसरे गोचर. याशिवाय प्रत्येक तलावाला आपले आगोर असे. आगोर म्हणजे ज्या उतारावरचे पाणी वाहून तलावात येते ती जमीन. तलावाचे पोट म्हणजे आगर, त्याचा मातीचा बांध म्हणजे पाळ आणि जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढून देणारा सांडवा म्हणजे नेष्टा. ही सारी शब्दसंपदा अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ (१९९३) व ‘राजस्थान की रजत बूंदें’ (१९९५) या पुस्तकांतून देशभरच्या वाचकांपुढे आणली. आगोरात जोडे घालून जाऊ नये, तेथे घाण करू नये, असे दंडक असत. त्यांना धार्मिक रूप होते. परंतु त्यांचा अर्थ पाणलोट क्षेत्र स्वच्छ ठेवणे हाच होता.

लापोडियाच्या तीन तलावांची नावे अन्नसागर, देवसागर आणि फूलसागर अशी आहेत. नावांतच कामाची वाटणी सुचवलेली दिसते. अन्नसागराचे पाणी शेतीच्या सिंचनासाठी. उरलेले दोन तलाव शेतीला पाणी देण्यासाठी नसून गुराढोरांचे व पाखरांचे पाणी आणि जमिनीखालचा साठा यांसाठी आहेत. सर्वच पाणी पिकाला देऊन टाकायचे नाही, हा विचार त्यामागे आहे. उपलब्ध असेल ते सारे पाणी कालव्यात सोडण्याची सवय जडलेल्या आजच्या नियोजनाला तो काहीसा अपरिचित वाटण्याचा संभव आहे.

व्यवस्था कोठे तुटली

स्वातंत्र्यानंतर राजस्थानात १९५२ च्या कायद्याने जहागिरी संपुष्टात आल्या. शेतकरी कुळाला जमिनीचा हक्क मिळाला, ही मोठी सामाजिक सुधारणा होती आणि तिचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. २ ऑक्टोबर १९५९ रोजी याच राज्यातील नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा शुभारंभ झाला. परंतु या स्थित्यंतरात सामाईक मालमत्तेची देखभाल कोणी करावयाची, हा प्रश्न मधल्या फटीत पडला. तलाव आणि गोचर महसुली दप्तरात सरकारी ठरले. जहागीरदाराची जबाबदारी संपली, पंचायतीकडे साधने नव्हती आणि गावाला वाटू लागले की हे काम आता सरकारचे आहे. पूर्वी गाळ काढण्यासाठी किंवा पाळ दुरुस्त करण्यासाठी गाव ‘ल्हास’ करीत असे. म्हणजे घरटी माणूस येऊन एकत्र श्रम करीत असे. आपल्याकडील इर्जिकेसारखीच ही प्रथा. ती मागे पडली. पाळी फुटल्या, आगोरात नांगर फिरू लागला, गोचरावर अतिक्रमणे झाली. उरलेल्या गोचरात विलायती बाभळीने ठाण मांडले. तिच्या दाट काटेरी जाळीखाली गवत नीट वाढत नाही आणि तिचा पाला गुरे सहसा खात नाहीत.

लापोडियाही याला अपवाद नव्हते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात गावचे तलाव फुटलेले होते, विहिरी खोल गेल्या होत्या, रोजगारासाठी लोक शहराची वाट धरत होते आणि गावात तंटे होते. या सुमारास, १९७७ मध्ये, गावच्या पूर्वीच्या जहागीरदार घराण्यातील लक्ष्मणसिंह हा तरुण शिक्षण अर्धवट सोडून गावी परतला. त्याने मोजक्या साथीदारांसह फुटलेल्या पाळीवर स्वतः माती टाकण्यास सुरुवात केली. ज्या घराण्याच्या शब्दावर कधीकाळी गावाने बेगारी केली, त्याच घरातील मुलगा डोक्यावर घमेले घेतो, ही गोष्ट गावकऱ्यांना सुरुवातीस चमत्कारिकच वाटली असली पाहिजे. हळूहळू माणसे येऊ लागली. पुढे ‘ग्राम विकास नवयुवक मंडळ, लापोडिया’ या संस्थेच्या रूपाने या कामाला संघटित स्वरूप आले. तिन्ही तलाव दुरुस्त झाले.

चौका : नऊ इंचांचे गणित

तलाव भरले तरी गोचर उजाडच होते. अशा जमिनीवर मृदसंधारणाची जी कामे शासकीय योजनांतून सर्वत्र केली जात, त्यांत समतल चर प्रमुख होते. चर खोदायचा, त्याची माती खालच्या बाजूस रचायची आणि पाणी अडवायचे, ही पद्धत डोंगरउतारावर उत्तम काम देते. लापोडियासारख्या जेमतेम उतार असलेल्या जमिनीवर तिचे दोष दिसून आले. पाणी खोल चरातच साठते, चरांमधील रुंद पट्ट्यांना ओल मिळत नाही. खोल पाण्यात गवत कुजते आणि खणून काढलेल्या मातीखाली आहे ते गवतही गाडले जाते. गवत हवे असेल तर पाणी पसरले पाहिजे, साठता कामा नये. या निरीक्षणातून लक्ष्मणसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोचरासाठी ‘चौका’ ही पद्धत विकसित केली.

चौका म्हणजे गोचरावर आखलेला एक चौकोन. त्याच्या तीन बाजूंना मातीचा कमी उंचीचा बांध असतो आणि ज्या बाजूने पाणी येते ती वरची बाजू मोकळी सोडलेली असते. बांधासाठी लागणारी माती चौकोनाच्या आतच उथळ खड्डे घेऊन काढतात. आत पाणी जास्तीत जास्त नऊ इंच उभे राहावे, अशी बांधाची आखणी असते. त्याहून अधिक पाणी आले की ते बांधाच्या टोकाला वळसा घालून खालच्या चौक्यात शिरते, तेथून पुढच्या आणि अशा रीतीने एकामागून एक चौके भरत पाणी शेवटी नाडीत किंवा तलावात पोचते. त्यामुळे तलावाचा हक्कही बुडत नाही; उलट वाटेतच गाळ बसून गेल्यामुळे तेथे पोचणारे पाणी स्वच्छ असते.

नऊ इंचच का, याला कारण आहे. इतके पाणी थोड्या दिवसांत मुरून जाते, म्हणून गवताची मुळे गुदमरत नाहीत. वासरू किंवा शेळी त्यात बुडण्याची भीती नसते आणि कोणत्याही कडेने जनावर पाणी पिऊ शकते. बांधावर पाण्याचा दाब अल्प असल्याने दगडी पिचिंग किंवा सिमेंट लागत नाही. बांध खचलाच तर दोन माणसे फावड्याने तो पूर्ववत करतात. एक हेक्टर क्षेत्रावर नऊ इंच पाणी म्हणजे सुमारे २३ लाख लिटर होते. जमिनीला उतार असल्याने सर्वत्र इतकी खोली मिळत नाही, म्हणून निम्मेच धरले तरी एका भरण्यात ११ लाख लिटरहून अधिक पाणी अडते. आणि एका पावसाळ्यात चौका एकाहून अधिक वेळा भरू शकतो. ५०० मिलिमीटर पावसात त्या हेक्टरवर आकाशातून पडणारे एकूण पाणी ५० लाख लिटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उथळ चौकोनाची कार्यक्षमता समजते.

या कामात कोणताही अवघड यंत्रविभाग नाही, मोजणीची उपकरणेही साधीच. अवघड आहे ते उतार ओळखणे. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या भूमीवर पाणी कोणत्या बाजूस सरकेल हे पहिल्या पावसात शिवारात फिरून पाहावे लागते. ही जाण गावातील गुराख्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. तिला आखणीचे रूप दिले गेले, एवढेच.

ओल टिकू लागली तसे गोचरात गवत परतले. पाणी उभे राहते तेथे हरळी, बांधाच्या आसपास धामण व मारवेलीसारखी चाऱ्याची गवते, बांधांवर शमी, देशी बाभूळ, बोर आणि नेपती. या वनस्पतींचे बी बव्हंशी मातीतच किंवा जनावरांच्या शेणातून आलेले असते. शमीचे झाड या प्रदेशात विशेष मोलाचे मानले जाते, कारण त्याचा पाला जनावरांना आणि शेंगा माणसांना उपयोगी पडतात. सांगरीची भाजी राजस्थानबाहेरही प्रसिद्ध आहे. २००० नंतरच्या लागोपाठच्या अवर्षणांत, ज्यांत २००२ चे वर्ष अतिशय बिकट गेले, लापोडियाच्या विहिरींत पाणी होते आणि जनावरांना चारा मिळाला. दुधाची विक्री हे अनेक कुटुंबांचे नियमित उत्पन्न बनले. लापोडियाच्या गोचराची ही कहाणी अनुपम मिश्र यांनी ‘गोचर का प्रसाद बांटता लापोड़िया’ या पुस्तिकेत सांगितली आहे. जयपूरसह टोंक व अजमेर जिल्ह्यांतील अनेक गावांनी चौका पद्धती स्वीकारली. लक्ष्मणसिंह यांना २०२३ मध्ये समाजकार्यासाठी पद्मश्री जाहीर झाली.

झाडाला राखी

लापोडियाचा वारसा केवळ मातीकामापुरता नाही. कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे देवउठनी ग्यारसीला, गावातून ‘धरती जतन पदयात्रा’ निघते. माणसे तलावाची पाळ पूजतात, झाडांना राखी बांधतात आणि गावोगाव फिरून आपल्या भागातील तलाव व गोचर यांची स्थिती पाहतात. शिकारीला गावात बंदी आहे. पाखरांसाठी दाणे टाकण्याची प्रथा राजस्थानात सर्वत्र आढळते. येथे पाण्याच्या व झाडांच्या आश्रयाने पक्ष्यांची वर्दळ इतकी वाढली की गावाने आपल्या शिवारालाच खुले पक्षिघर म्हटले. कायद्याच्या कलमाने जे साधत नाही ते राखीच्या धाग्याने साधते, असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या झाडाला सर्वांदेखत राखी बांधली त्यावर कुऱ्हाड चालवणाऱ्याला गावाच्या डोळ्याला डोळा भिडवणे कठीण जाते, हेही खरे.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे हिवरे बाजारची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर त्या गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी अमलात आणली. गवत कापून न्यावयाचे, जनावर आत सोडावयाचे नाही. लापोडियाची वाट थोडी निराळी आहे. तेथे गाय गोचरात चरते. तिच्या खुरांनी माती हलते, शेणातून बी पसरते आणि तीही या व्यवस्थेचा भाग मानली जाते. डोंगराळ, पातळ मातीच्या भूमीला बंदी मानवते, सपाट रेताड भूमीला नियंत्रित चराई. दोन्ही गावांनी आपापली जमीन पाहून निर्णय घेतला. एकाची नक्कल दुसऱ्या ठिकाणी करण्याचा आग्रह धरला असता तर दोन्हीकडे अपयश आले असते.

शहराची तहान आणि गावाची जमीन

जयपूर शहर मात्र याच काळात उलट्या दिशेने गेले. शहराला अनेक दशके पाणी देणारा रामगढ तलाव १९८१ च्या अतिवृष्टीत भरून वाहिला आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यतीही तेथेच झाल्या. त्यानंतर त्याच्या पाणलोटात बांध, बांधकामे व अतिक्रमणे वाढत गेली आणि तलाव कोरडा पडला. २००९ पासून शहराची मदार शंभराहून अधिक किलोमीटरवरील टोंक जिल्ह्यातील बीसलपूर धरणावर आली. जयपूर जिल्ह्यातील बहुतेक गट भूजलाच्या दृष्टीने अतिशोषित गणले जातात. राजस्थान उच्च न्यायालयाने अब्दुल रहमान प्रकरणात २ ऑगस्ट २००४ रोजी पाणलोट क्षेत्रांची स्थिती १५ ऑगस्ट १९४७ रोजी होती तशी पूर्ववत करण्याचे निर्देश दिले. आगोराचे महत्त्व न्यायालयाला सांगावे लागले, यावरूनच लोकव्यवहारातून ते किती पुसले गेले होते याची कल्पना येते.

गोचराच्या बाबतीत कायदा कमकुवत नाही. राजस्थान कुळकायदा, १९५५ च्या कलम १६ नुसार गोचर जमिनीवर कोणालाही खातेदारी हक्क प्राप्त होऊ शकत नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंह प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याची योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. तरीही अतिक्रमणे होतच राहिली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा राज्यात अशी २ लाख २२ हजारांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे समोर आले. त्यांत भूमिहीनांची घरेही आहेत आणि सधनांची शेतेही. दोघांना एकाच मापाने मोजणे न्याय्य होणार नाही. दुसरे संकट अधिकृत वाटेने येते. उद्योग, सौरप्रकल्प किंवा संस्थांसाठी जमीन हवी असली की गोचर ही ‘पडीक’ आणि म्हणून सर्वांत सोयीची जमीन समजली जाते. महसुली नकाशात जेथे पीक नाही तेथे उपयोग नाही, ही समजूत त्यामागे आहे. गोचरातून मिळणारे दूध, शेणखत, इंधन, बोरे, सांगरी आणि विहिरीत उतरलेले पाणी कोणत्याही उताऱ्यावर नोंदलेले नसते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांचे प्रत्यक्ष जागेवर व उपग्रहाच्या साहाय्याने सविस्तर नकाशे करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश दिले. ओरण आणि गोचर यांची सीमा प्रत्यक्ष शिवारात अनेकदा एकमेकींत मिसळलेली असते, त्यामुळे हे काम केवळ उपग्रहाच्या चित्रावरून पुरे होणारे नाही. वनाचा दर्जा मिळाल्यानंतर तेथे गुरे नेण्याचा गावकऱ्यांचा परंपरागत अधिकार कसा राहील, ही पशुपालकांची रास्त चिंता आहे. नकाशा करताना कोणत्या गावचे गोचर कोठे संपते, पाणी कोणत्या बाजूने येते आणि नेष्टा कोठे आहे, हे विचारण्यासाठी महसूल कर्मचाऱ्याला पुन्हा गावातील गुराख्याकडेच जावे लागणार आहे.